नाँतशिवाय ब्रिटनी: एका फ्रेंच प्रांताचा भूगोल, इतिहास आणि अडलेली हद्द

जुने_नकाशे (धागाकर्ता)

फ्रान्सच्या नकाशात पश्चिमेला अटलांटिकमध्ये घुसलेला जो सुळका दिसतो, तो ब्रिटनी. फ्रेंच लोक त्याला ब्रतान्य म्हणतात. आजच्या सरकारी हिशेबाने या प्रांतात चार जिल्हे येतात: फिनिस्तेर, कोत-दार्मोर, मॉर्बियाँ आणि ईल-ए-विलेन. राजधानी रेन, क्षेत्रफळ साधारण २७,२०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ३४ लाखांच्या घरात. शालेय पुस्तकात इतकंच सापडेल.

पण ब्रिटनीच्या ड्यूकांचा किल्ला पाहायचा असेल तर या चारही जिल्ह्यांत तो मिळणार नाही. तो नाँत शहरात आहे, आणि नाँत शेजारच्या 'पेई द ला ल्वार' प्रांताची राजधानी आहे. ज्या आन राणीचं नाव ब्रिटनीत घरोघरी माहीत असतं, ती १४७७ साली याच किल्ल्यात जन्मली. ब्रिटनीच्या हिशेबाची कचेरी पुढे नाँतलाच आली, ब्रिटनीचं पहिलं विद्यापीठही १४६० मध्ये नाँतलाच स्थापन झालं. असं शहर प्रांताबाहेर कसं गेलं, हे नीट मांडावं म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकतो: नाँत वगळून ब्रिटनीचा इतिहास सांगताच येत नाही, आणि ही हद्द तिथल्या माणसांना न विचारता आखली गेली आहे.

आधी जमीन बघू. मों दारे रांगेतलं रॉख रूज हे इथलं सर्वांत उंच टोक, आणि तेही जेमतेम ३८५ मीटर. कळसूबाई चढलेल्या माणसाला ही टेकडीच वाटणार. मात्र वय प्रचंड. तीस कोटी वर्षांपूर्वी उभे राहिलेले पर्वत झिजून झिजून जे उरलं, तो हा ग्रॅनाइट आणि शिस्टचा कठीण पाया. भूशास्त्रात त्याला आर्मोरिकन मासिफ म्हणतात. हा पाया ब्रिटनीच्या हद्दीपाशी संपत नाही. नाँतच्या खालून जाऊन तो दक्षिणेला वाँदेपर्यंत आणि ईशान्येला नॉर्मंडीच्या पश्चिम भागापर्यंत पसरतो. म्हणजे निसर्गाने इथे कुठलीही ठळक रेघ मारलेली नाही. उत्तरेला क्वेनों ही छोटी नदी नॉर्मंडीची सीमा मानली जाते, तिच्या मुखापाशीच मों-सँ-मिशेल आहे (ते नॉर्मंडीत मोडतं). बाकी पूर्वेची सगळी हद्द माणसांनी केलेली.

कठीण खडकात पाणी खोल मुरत नाही, ते जागोजागी झऱ्यांतून वर येतं. त्यामुळे एका मोठ्या विहिरीभोवती मोठं गाव वसायची गरज पडली नाही. चार-पाच घरांच्या वाड्या सगळीकडे विखुरलेल्या, आणि शेतांभोवती मातीचे उंच बांध घालून त्यावर झाडी वाढवलेली. किनारा म्हणाल तर बेटं धरून सुमारे २,७०० किलोमीटर. समुद्र चढला तेव्हा नद्यांची खोरी बुडाली आणि लांबलचक खाड्या तयार झाल्या. त्या खाड्यांमुळे आतल्या गावांनाही बंदर मिळालं. आर्मोर म्हणजे किनारपट्टी आणि आर्गोआत म्हणजे आतला, एकेकाळी जंगलाचा मुलूख. दोन्हीकडचं जगणं अगदी वेगळं होतं.

आता माणसं. पाचव्या-सहाव्या शतकात आजच्या वेल्स, कॉर्नवॉल आणि डेव्हन भागातून ब्रिटन लोक समुद्र ओलांडून इथे आले. सोबत त्यांची केल्टिक भाषा आली (तीच पुढे ब्रेतॉन झाली) आणि त्यांचे संतही. कँपेर, वान, दोल, सँ-मालो, सँ-ब्रिय, त्रेगिए, सँ-पोल-द-लेओं या सात ठिकाणांची स्थापना सात संतांनी केली असं मानतात, आणि या साती गावांची पायी यात्रा आजही होते. लक्षात घ्या, या यादीत रेनही नाही आणि नाँतही नाही. ती दोन्ही जुनी गॅलो-रोमन शहरं. ती फ्रँक राजांकडे होती.

ती ब्रिटनीत आली लढाईने. ८४५ मध्ये नोमिनोए या ब्रेतॉन सरदाराने फ्रँक राजा चार्ल्स द बाल्डच्या फौजेचा पराभव केला. त्याचा मुलगा एरिस्पोए याने ८५१ मध्ये पुन्हा त्याच राजाला हरवलं, आणि त्याच वर्षी आँजे इथे झालेल्या तहात रेन, नाँत आणि ल्वार नदीच्या दक्षिणेचा रेत्झ मुलूख मिळवला. ब्रिटनीची पूर्वेची हद्द ठरली ती तिथे. पुढे नॉर्मन चाचे आले, नाँत उद्ध्वस्त झालं. ९३७ च्या सुमारास आलाँ बार्बतोर्त इंग्लंडमधून परतला, त्याने नाँत सोडवलं आणि तिथेच राजधानी केली. बारीकसारीक फेरफार वगळले तर तीच हद्द फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत, साडेनऊशे वर्षांच्या आसपास, टिकली. युरोपात इतकी टिकाऊ हद्द फार ठिकाणी सापडत नाही.

फ्रान्समध्ये विलीनीकरण एका दिवसात झालं नाही. १४८८ मध्ये सँ-तोबँ-द्यु-कॉर्मिएच्या लढाईत ब्रेतॉन फौज हरली, काही आठवड्यांत ड्यूक वारला, आणि अकरा वर्षांची आन गादीवर आली. १४९१ मध्ये तिला फ्रान्सच्या राजाशी, आठव्या चार्ल्सशी लग्न करावं लागलं. तो वारल्यावर १४९९ मध्ये पुढचा राजा बारावा लुई याच्याशी. ते लग्न नाँतच्या किल्ल्यात झालं आणि या वेळी अटी तिने बऱ्याच आपल्या बाजूच्या करून घेतल्या. १५१४ मध्ये ती गेली. देह पॅरिसजवळच्या सँ-दनीला राजघराण्याच्या दफनभूमीत, पण हृदय सोन्याच्या छोट्या पेटीतून नाँतला, आईवडिलांच्या थडग्याजवळ. तिने कुठे परत जायचं ठरवलं, हे त्यातून कळतं. औपचारिक विलीनीकरण १५३२ सालचं. त्यात प्रांताच्या सभेच्या संमतीशिवाय नवा कर नाही, असा हक्क ब्रिटनीने राखला.

त्या हक्काचा सर्वांत ठळक परिणाम मिठावर झाला. बाकी बऱ्याचशा फ्रान्सवर गाबेल नावाचा मिठावरचा जबर कर होता. ब्रिटनीला तो नव्हता. हद्दीच्या अलीकडे मीठ स्वस्त आणि पलीकडे, मेन आणि आंजू प्रांतांत, कित्येक पटींनी महाग. मग चोरटा व्यापार फोफावला. रात्री पाठीवर पोती घेऊन माणसं हद्द ओलांडायची, कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा मीठ बांधून पाठवायची. स्वयंपाकघरात त्याची खूण अजून आहे. ब्रिटनीत लोणी खारंच हवं, अळणी लोणी पुढे ठेवलं तर माणसं मान हलवतात.

१७८९ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या प्रांतांचे विशेष हक्क रद्द झाले, १७९० मध्ये देशाचे जिल्हे पाडले. ब्रिटनीचे पाच झाले, जुनी हद्द बरीचशी सांभाळून. पाचवा म्हणजे नाँतचा, तेव्हाचं नाव ल्वार-अँफेरिअर, १९५७ पासून ल्वार-आत्लाँतिक.

वेगळेपणा आला तो त्यानंतर दीडशे वर्षांनी. ३० जून १९४१ च्या हुकुमाने विशी सरकारने (दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेलं फ्रेंच सरकार) जिल्ह्यांच्या वर प्रादेशिक प्रिफेक्ट, म्हणजे सरकारचे प्रमुख अधिकारी, नेमले. त्यात नाँतचा जिल्हा आँजेकडे दिला आणि बाकीचे चार रेनकडे ठेवले. युद्ध संपल्यावर ती व्यवस्था मोडली. पण १९५६ मध्ये आर्थिक नियोजनासाठी प्रदेश आखले तेव्हा नाँत पुन्हा बाहेरच राहिलं. त्याला केंद्र करून आंजू, मेन, प्वातू अशा वेगवेगळ्या जुन्या प्रांतांचे तुकडे जोडले. नाँत आणि रेन ही दोन मोठी शहरं एकाच प्रदेशात ठेवली तर एकाला दुय्यम व्हावं लागेल, हा विचार त्यामागे होता. १९७२ च्या कायद्याने या प्रदेशांना संस्थेचं रूप मिळालं, १९८२ मध्ये विकेंद्रीकरण झालं, १९८६ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. नियोजनासाठी आखलेली रेघ अशी टप्प्याटप्प्याने पक्की होत गेली. यातल्या एकाही टप्प्यावर ल्वार-आत्लाँतिकच्या लोकांचं मत घेतलं गेलं नाही, आणि मला हेच खुपतं.

---

कोकणकडा

फार सुंदर लिहिलंय. मातीच्या बांधांवरून आमच्याकडचे गडगे आठवले, फक्त आमचे दगडाचे. हे बांध अजून आहेत का? आणि भरती-ओहोटीबद्दल थोडं लिहा ना. सँ-मालोला पाणी किती चढतं?

---

भूजल

@कोकणकडा, बांधांपैकी फार मोठा भाग १९५० ते ८० च्या दरम्यान गेला. ट्रॅक्टर चालवायला मोठी सलग शेतं हवीत म्हणून सरकारी योजनेतून तुकडेजोड झाली आणि बुलडोझरने बांध सपाट केले. गावागावांत त्यावरून भांडणं झाली. उत्पादन वाढलं यात वाद नाही. फ्रान्समधली निम्म्याहून जास्त डुकरं आज ब्रिटनीत पाळली जातात. पण बांध पावसाचं पाणी अडवून मुरवत होते. ते गेले, आणि शेण-मूत व खतांमधलं नायट्रेट थेट ओढ्यांतून समुद्रात जायला लागलं. सँ-ब्रियच्या उपसागरात दर उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाचे थर किनाऱ्यावर साचतात. ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. २००९ मध्ये सँ-मिशेल-आँ-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर अशा चिखलात एक घोडा मेला आणि त्याचा मालक बेशुद्ध पडला, तेव्हा कुठे देशाचं लक्ष गेलं. आता बांध पुन्हा घालण्यासाठी अनुदान देतात.

भरतीचं म्हणाल तर सँ-मालोला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक १२ ते १३ मीटरपर्यंत जातो. मुंबईत तो साधारण पाच मीटर असतो, त्यावरून अंदाज करा. इंग्लिश खाडीत आलेली लाट कोताँताँ द्वीपकल्पाला अडते आणि त्या कोपऱ्यात पाणी चढत जातं. त्याचाच उपयोग करून राँस नदीच्या मुखावर १९६६ मध्ये भरतीवर चालणारं वीजकेंद्र बांधलं. २४ जनित्रं, २४० मेगावॅट, आणि अजून चालू आहे.

---

सीमाभाग

धागा वाचून साहजिकच आपला बेळगाव प्रश्न डोळ्यांसमोर आला. तिथेही भाषेवरून वाद आहे का? नाँतमध्ये ब्रेतॉन बोलणारे किती?

---

जुने_नकाशे

@सीमाभाग, प्रश्न मनात येणारच. पण तुलना फार पुढे नेता येत नाही. आपल्याकडे १९५६ ची राज्यपुनर्रचना मुख्यतः भाषेच्या पायावर झाली आणि बेळगावात वाद भाषेचाच आहे. फ्रान्सच्या प्रदेशरचनेत भाषेला स्थानच नव्हतं. आणि ब्रिटनी एकभाषी कधीच नव्हती. पश्चिम अर्ध्यात ब्रेतॉन, पूर्व अर्ध्यात गालो. गालो ही फ्रेंचची बहीण म्हणावी अशी लॅटिनोद्भव बोली. रेनमध्येही ब्रेतॉन ही सर्वसामान्यांची भाषा नव्हती. त्यामुळे 'नाँतला ब्रेतॉन बोलत नाहीत म्हणून ते ब्रिटनी नाही' असं म्हटलं तर तोच न्याय राजधानी रेनलाही लावावा लागेल.

ब्रिटनीचा झेंडा पाहा. १९२० च्या दशकात मोर्वान मार्शाल या वास्तुविशारदाने तो तयार केला. काळे पाच पट्टे आणि पांढरे चार. पांढरे म्हणजे ब्रेतॉन भाषक पश्चिमेची चार जुनी धर्मपीठं: लेओं, त्रेगोर, कॉर्नुआय, वान. काळे म्हणजे गालो भाषक पूर्वेची पाच: रेन, नाँत, दोल, सँ-मालो, सँ-ब्रिय. सरकारी प्रांताच्या इमारतींवर जो झेंडा फडकतो, त्यातला एक पट्टा नाँतचा आहे.

आणि ल्वार-आत्लाँतिकमध्ये ब्रेतॉन अजिबात नव्हती असंही नाही. गेराँदजवळच्या बात्झ गावात मिठागरांवर काम करणाऱ्या कुटुंबांमध्ये ती विसाव्या शतकापर्यंत बोलली जात होती.

---

नाँतकर

मी नाँतमध्ये राहतो, नोकरीनिमित्त रेनला जाणं-येणं असतं. थोडी दुसरी बाजू मांडतो.

पहिलं म्हणजे हा विषय इथे रस्त्यावर रोज दिसतो. फ्रेंच गाड्यांच्या नंबरप्लेटवर उजव्या टोकाला निळी पट्टी असते. त्यात प्रांताचं चिन्ह आणि खाली जिल्ह्याचा क्रमांक. आमचा ४४. नियमाप्रमाणे ४४ सोबत पेई द ला ल्वारचं चिन्ह यायला हवं. पण सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये फेरी मारली की कित्येक गाड्यांवर त्या चिन्हावर ब्रेतॉन झेंड्याचा इवलासा स्टिकर डकवलेला दिसतो, आणि ४४ आकडा मुद्दाम उघडा ठेवलेला. तसं करणं नियमात बसत नाही, तरी लोक करतात.

पण पेई द ला ल्वार हा नुसता कागद राहिलेला नाही, हेही मानायला हवं. उच्च माध्यमिक शाळांच्या इमारती, जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या रेल्वेगाड्या, उद्योगांना मदत, हे सगळं प्रांत पाहतो. ल माँ, आँजे, लाव्हाल, ला रोश-स्यूर-याँ ही शहरं दोन पिढ्या नाँतशी जोडून वाढली आहेत. उद्या ४४ ब्रिटनीत गेला तर उरलेल्या चार जिल्ह्यांचं काय करायचं? आंजूच्या माणसालाही स्वतःचा इतिहास आहे, तो कुणाची उरलेली बाजू नाही. आणि नाँतच्या जिल्ह्यातच फरक आहे. ल्वार ओलांडून दक्षिणेला क्लिसोंकडे गेलात की काळ्या स्लेटची छपरं संपून लाल कौलं सुरू होतात, द्राक्षमळे लागतात, हवा वाँदेची वाटते.

गेराँदचं मात्र सांगतोच. तिथे उन्हाळ्यात जरूर जा. भरतीचं पाणी मातीच्या उथळ वाफ्यांतून फिरवत फिरवत शेवटच्या चौकोनी वाफ्यात आणतात. कामगाराच्या हातात लांब दांड्याचं लाकडी फावडं असतं. तळाचं करडं जाड मीठ तो ओढून कडेला ढीग करतो. वारा कोरडा असेल तर संध्याकाळी पाण्याच्या पृष्ठभागावर पातळ पांढरी साय धरते. ती तळाला बुडायच्या आत चपट्या झाऱ्याने अलगद काढतात. ते सर्वांत महागडं मीठ. यंत्र कुठेच नाही.

---

शाईदौत

भारताशी काही संबंध? पाँडिचेरीच्या इतिहासात लोरियाँचं नाव वाचल्यासारखं वाटतं.

---

नाँतकर

@शाईदौत, थेट संबंध आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ ची. तिच्यासाठी १६६६ मध्ये ब्रिटनीच्या दक्षिण किनाऱ्यावर जहाजबांधणीचं ठाणं उभं केलं, तेच लोरियाँ. पाँडिचेरी आणि चंद्रनगरहून कापड, मिरी, सोरा घेऊन जहाजं तिथे लागायची. मालाचा लिलाव मात्र १७३३ पर्यंत नाँतला व्हायचा, कारण भांडवल आणि व्यापारी नाँतला होते. १७३४ पासून तो लोरियाँला हलवला. मॉरिशसचा गव्हर्नर आणि १७४६ मध्ये मद्रास घेणारा माहे द ला बुर्दोने सँ-मालोचा.

यातला काळा भाग टाळून चालणार नाही. अठराव्या शतकात नाँत हे फ्रान्समधलं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल दिला जाई, त्यात भारतातलं रंगीत आणि निळं सुती कापड फार मोलाचं होतं. कोरोमंडलच्या विणकराने विणलेलं कापड नाँतच्या गोदामातून गिनीच्या किनाऱ्यावर जायचं. तिथून माणसं कॅरिबियन बेटांवर, आणि तिथली साखर नाँतला. २०१२ मध्ये नदीकाठी या व्यापाराचं स्मारक झालं. धक्क्यावर काचेच्या पट्ट्यांवर जहाजांची नावं आणि वर्षं कोरली आहेत. नावं वाचत चालताना पाय जड होतात.

---

कोकणकडा

ब्रिटनीत महामार्गांवर टोल नाही, तो आन राणीने करारात लिहून घेतला होता असं एका सहलीच्या व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का?

---

जुने_नकाशे

@कोकणकडा, टोल नाही हे खरं. राणीची गोष्ट मात्र दंतकथा आहे, ब्रिटनीतही ती लोक हौसेने सांगतात. खरं श्रेय १९५० मध्ये स्थापन झालेल्या सेलिब या मंडळाचं. रने प्लेव्हाँ, जे त्याच सुमारास फ्रान्सचे पंतप्रधान होते, ते त्याचे अध्यक्ष. सगळ्या पक्षांचे आमदार-खासदार, शेतकरी, कामगार संघटना, उद्योजक एकत्र बसून पॅरिसकडे मागण्या करायचे. बाजारपेठेपासून दूर असल्याने शेतमाल सडतो, तरुण पॅरिसला जातात, हे त्यांचं गाऱ्हाणं. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने चौपदरी रस्त्यांचं जाळं सरकारी खर्चाने बांधायचं मान्य केलं. म्हणून पॅरिसहून येताना शेवटचा टोलनाका मायेन जिल्ह्यात, ब्रिटनीच्या उंबरठ्यावर लागतो आणि पुढे रस्ता फुकट. या सेलिबच्या कामात सुरुवातीला नाँतचा जिल्हाही होता, म्हणजे १९५० मध्ये ब्रिटनी म्हणजे पाच जिल्हे हेच गृहीत होतं.

@नाँतकर, आंजूबद्दलचा मुद्दा मला पटतो. ल माँच्या माणसाला विश्वासात न घेता नाँत हलवणं म्हणजे १९५६ चीच पुनरावृत्ती ठरेल. म्हणूनच मी आधी लोकांना विचारा असं म्हणतो. प्रयत्न झालेही आहेत. २०१४ मध्ये प्रदेश २२ वरून कमी करायचे ठरले तेव्हा दोन्ही प्रांत पूर्ण एकत्र करा असं नाँतचे माजी महापौर आणि नुकतेच पंतप्रधानपद सोडलेले जाँ-मार्क एरो म्हणत होते. ब्रिटनीचे नेते जाँ-इव्ह ल द्रियाँ यांचा त्याला विरोध, कारण त्यात ब्रिटनी विरघळून जाईल. तडजोड झाली नाही. देशभराचा नकाशा बदलला, २०१६ पासून युरोपातल्या फ्रान्सचे १३ प्रदेश झाले, आणि हे दोन मात्र होते तसेच राहिले.

---

सीमाभाग

मग आता कायदेशीर वाट काय आहे?

---

जुने_नकाशे

@सीमाभाग, जानेवारी २०१५ च्या कायद्यात एखाद्या जिल्ह्याला प्रदेश बदलायची वाट ठेवली होती. अट अशी की जिल्हा परिषद, सोडायचा प्रदेश आणि जायचा प्रदेश, तिन्ही सभांनी तीन-पंचमांश बहुमताने ठराव करायचा. म्हणजे पेई द ला ल्वारने स्वतःचा सर्वांत श्रीमंत जिल्हा आणि राजधानी सोडायला बहुमताने हो म्हणायचं. २०१८ मध्ये ल्वार-आत्लाँतिकमधल्या एक लाखाहून जास्त मतदारांच्या सह्या गोळा करून जिल्हा परिषदेला दिल्या. त्या डिसेंबरमध्ये परिषदेने सार्वमत घ्यावं अशी मागणी सरकारकडे केली. २०२१ मध्ये नाँतच्या नगरपरिषदेनेही तसाच ठराव केला आणि त्याच वर्षी ब्रिटनीच्या प्रादेशिक सभेनेही. पण सार्वमत घेण्याचा अधिकार जिल्ह्याकडे नाही, तो पॅरिसकडे आहे.

पॅरिसहून अजून होकार आलेला नाही.